हात मांडीखाली

"हात मांडीखाली," दादा म्हणाला, आणि माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीने खरंच दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले.

मी औषधाचा चमचा धरून उभीच राहिले. सर्दीचं ते गुलाबी औषध तिच्या गळी उतरवायला मला रोज अर्धा तास लागे. एक चमचा पोटात, दोन माझ्या अंगावर.

"आता आ कर. हां. घाल गं ठमे, बघत काय बसलीस? तोंड बंद. हलायचं नाही. मी आकडे म्हणतो."

त्याने वीसपर्यंत आकडे म्हटले. छोटी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. या मामाला तिने अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आता परत आ. जीभ वर. उजवीकडे. डावीकडे. शाब्बास! बेचाळीस नंबर, चल पुढे."

छोटी खुर्चीवरून उतरली, दोन पावलं पुढे गेली, परत येऊन खुर्चीवर चढली आणि हात मांडीखाली घालून म्हणाली, "पुन्ना."

"लबाड! पुन्हा नाही. दिवसातून एकदाच मिळतं," दादा हसत म्हणाला. "आत तरी एकदाच."

तुरुंगाच्या दवाखान्यात असंच असतं म्हणाला. सकाळी दहाला बाकावर ओळीने बसायचं, हात मांडीखाली. सिस्टर जिभेखाली व्यसनावरची गोळी ठेवणार. ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं हात काढायचे नाहीत, नाहीतर कुणीतरी गोळी तोंडातून काढून लपवतो आणि दुसऱ्याला देतो. मग तोंड उघडून दाखवायचं. जीभ वर, उजवीकडे, डावीकडे. सिस्टरने नंबर घेऊन "चल पुढे" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. दादाचा नंबर बेचाळीस. अकरा महिने एकही सकाळ चुकली नव्हती. आज शुक्रवारी मात्र चुकली, कारण कोर्टाची गाडी आठलाच निघाली. आणि कोर्टाने, वकिलालाही वाटलं नव्हतं, त्याला तिथूनच सोडलं.

मी ऐकत होते आणि माझी नजर घरभर फिरत होती. तो यायच्या आधीच्या तासाभरात मी औषधांचा डबा कपाटावर चढवला होता, सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या आणि छोटीचं अंथरूण आमच्या खोलीत आणलं होतं. आई गेल्यापासून त्याचं म्हणून माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तरी छोटीच्या जन्मानंतर मी त्याला एकदाही उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"डबा वर ठेवलास ते बरं केलंस," दादा म्हणाला. मी काही बोलले नव्हते. तो कपाटाकडे बघतही नव्हता.

"छोटीचा हात पोचतो म्हणून," मी म्हणाले.

"हो ना. पोचतोच," तो म्हणाला, आणि त्याने छोटीला उचललं. एका हाताने, बगलेतून, जसं तो पूर्वी दुकानात वजनं उचलायचा तसं. क्षणभर डोळे मिटले. "अकरा किलो. वर दोनशे ग्रॅम."

बाबांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दादा तिथेच मोठा झाला. काटा बिघडलाय की वाण्याने बिघडवलाय, हे तो वजन हातात घेऊन सांगायचा. बाबा गेले, दुकान गेलं, मधे ब्राउन शुगरची पावडर आली, घरातल्या एकेक वस्तू गेल्या, पण हात गेला नव्हता. मी मागच्या आठवड्यातलं छोटीचं कार्ड काढून बघितलं. अकरा किलो दोनशे.

"बघ," तो म्हणाला. "आतसुद्धा स्वयंपाकघरातला काटा मीच लावून दिला. जेलर म्हणाला, तू चोर नसतास तर ठेवून घेतलं असतं. मी म्हटलं, साहेब, चोर आहे म्हणूनच तर ठेवलंय."

माझा नवरा मोठ्याने हसला. तो दारात बूट काढत होता. दादा आल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी मोकळं हसलं. मग नवऱ्याने मला आतल्या खोलीत बोलावून हळूच विचारलं, "किती दिवस?"

"आधी त्याची गोळी सुरू होऊ दे," मी म्हणाले. "मग बघू."

गोळी सुरू होणं हे इतकं साधं वाटत होतं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही व्यसनमुक्ती केंद्रात होतो. छोटी माझ्या कडेवर, दादा हातात कोर्टाचा कागद धरून. केंद्र चांगलं होतं, स्वच्छ. भिंतीला तुरुंगातल्यासारखेच बाक लावलेले. दादा सवयीने बाकावर बसला आणि हात मांडीखाली घातले. त्याच्या लक्षातही आलं नाही. खिडकीतल्या माणसाच्या आलं.

"आतून आलात?" त्याने चष्मा वर करून विचारलं. "पत्र कुठाय?"

"कसलं पत्र?"

"तुरुंगाच्या डॉक्टरचं. कुठली गोळी, किती, शेवटची कधी दिली. सुटताना देतात. त्याबरोबर तीन दिवसांची पुडीपण देतात, इथे येईपर्यंत."

"मी तुरुंगातून सुटलोच नाही," दादा म्हणाला. "कोर्टातून सुटलो."

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा पुसला. "मग पत्र तिथेच राहिलं असणार. हे बघा, पत्राशिवाय मला एक गोळीसुद्धा देता येत नाही. नवीन पेशंट म्हणून नाव घालायचं तर डॉक्टरांनी तपासावं लागतं, आणि डॉक्टर सोमवारी. तुम्ही असं करा, तुरुंगातून पत्र आणा. बाराच्या आत आलात तर मी थांबतो."

"तुम्ही त्याच्याकडे बघा तरी," मी म्हणाले. दादाला सारख्या जांभया येत होत्या. नाकातून पाणी येत होतं आणि उन्हात चालत आलेल्या त्याच्या हातांवर काटा उभा होता.

"बघतोय हो ताई," तो म्हणाला. "रोज बघतो."

तुरुंगाच्या दारावरचा शिपाई दादाला ओळखत होता.

"काय रे काटेवाल्या! काल सुटलास, आज परत? करमेना वाटतं?"

"आत घ्या ना साहेब," दादा म्हणाला. "दहाच मिनिटं. दवाखान्यापुरतं."

"बाहेरच्याला आत घ्यायला मला कागद लागतो."

"कालपर्यंत मला बाहेर सोडायला कागद लागत होता."

शिपाई हसला. मग दादाच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला, आणि त्याने फोन उचलला. आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. छोटी लोखंडी दारावर थापा मारत होती, आतून कुणीतरी उघडेल म्हणून. साडेअकराला सिस्टर बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांची, हातात घरी न्यायची पिशवी. तिची ड्यूटी संपली होती.

"अरे, तू असा कसा सुटलास?" ती दादावर खेकसली, जणू त्याने मुद्दाम केलं होतं. "मी तुझी पुडी बांधून ठेवली होती. पुढच्या महिन्यात सुटशील म्हणून पत्रपण लिहून ठेवलेलं."

"मग द्या ना सिस्टर."

"सही कुठाय त्यावर? डॉक्टर सोमवारी येणार. तुझं नाव कालच कमी झालं रे. कपाटातल्या गोळ्या नावावर निघतात. नावच नाही तर मी कुणाच्या नावावर काढू?"

"बेचाळीसच्या."

"बेचाळीस नंबर आज सकाळी दुसऱ्याला दिला." तिने चष्मा काढला आणि परत घातला. "पोरगं आहे विशीचं. तुझ्याच जागेवर बसलं."

दादाने लोखंडी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो काठावर बसतो का? तिथे बाक हलतो. सांगा त्याला."

सिस्टर माझ्याकडे वळली. मला बाजूला घेतलं, पण आवाज कमी केला नाही. त्याने ऐकावं असंच तिला वाटत असावं. "बहीण का? ऐका. सोमवारी डॉक्टर आले की पहिली सही याच्या पत्रावर घेते, फोनवरून केंद्राला कळवते. नऊ-साडेनऊला काम होईल. तोवर याला एकटं सोडू नका. उलट्या होतील, जुलाब होतील, पाय झाडेल, तुम्हाला नाही नाही ते बोलेल. त्याने मरत नाही माणूस. पण बाहेर जाऊन जुन्या सवयीने घेतलं तर मरतो. पहिल्या आठवड्यातच जातात, माझे गेल्या वर्षी चार गेले. अकरा महिन्यांत अंग विसरलेलं असतं."

"मला माप कळतं सिस्टर," दादा मागून म्हणाला. "माझा हात—"

"हाताला कळतं रे. अंगाला आता कळत नाही."

ती निघाली. दहा पावलं जाऊन परत आली, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून छोटीच्या हातात दिला, आणि गेली.

शनिवारी दुपारीच दादा मला म्हणाला, "ठमे, मधली खोली मला दे. आणि बाहेरून कडी लाव."

"कडी कशाला? आपण सगळे आहोत ना."

"मी तुला सांगतो ते ऐक. आता मी आहे तो मी आहे. उद्या जो बोलेल तो मी नसेन. शिव्या देईल, रडेल, आईची शपथ घालेल. उघडायचं नाही. मी कितीही चांगलं बोललो तरी नाही. चांगलं बोललो तर मुळीच नाही."

"आणि बाथरूम?"

"बादली ठेव. अकरा महिने बादलीच होती."

नवऱ्याने कडी बसवली. चार स्क्रू. दादा आतून दाराला खांदा लावून म्हणाला, "खालचा स्क्रू सैल राहिलाय. आणखी अर्धा आटा." तो राहिलाच होता.

त्या रात्रीबद्दल मी फार सांगत नाही. ओकाऱ्या, पाय आपटणं, भिंतीवर डोकं आदळून घेतल्याचा आवाज, आणि मधेच अगदी शांतता, जी सगळ्यात वाईट. छोटी दचकून दचकून उठत होती. पहाटेपासून तिला ताप भरला. सकाळी मी बादली बदलायला दार उघडलं, नवरा शेजारी उभा. दादा भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीखाली घालून. "असं बसलं की जरा बरं वाटतं," तो म्हणाला. "काय वेडेपणा. वाटतं आत्ता कुणीतरी येईल जिभेखाली ठेवायला."

रविवारी नवऱ्याची गोदामात पाळी होती. बदली मिळत नव्हती. निघताना त्याने मला दोनदा बजावलं, "कडी काढू नकोस. तो काहीही म्हणाला तरी. संध्याकाळी मी येतोच."

"नाही काढणार."

"छोटीची शपथ?"

"शपथा कसल्या घालतोस!" मी चिडून म्हणाले. घातली नाही.

दुपारपर्यंत दादा ओरडत होता. माझ्या नावाने, नवऱ्याच्या नावाने, मेलेल्या आईच्या नावाने. छोटी रडून रडून काळीनिळी पडत होती. ताप एकशे दोन. मी तिला खांद्यावर टाकून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. औषध दिलं ते तिने ओकून टाकलं. दारापलीकडे एक ओकत होता, दाराअलीकडे एक. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "सगळं ठीक आहे ना?" त्या विचारत होत्या आणि आत बघत होत्या.

दोनच्या सुमाराला छोटीचा डोळा लागला. त्याच वेळी दादाही थांबला. मी श्वास धरून दोन खोल्यांच्या मधे उभी होते. मग दारामागून आवाज आला, अगदी साधा, आपण चहाला हाक मारतो तसा.

"ठमे. छोटी झोपली का?"

"हो."

"ताप?"

"उतरतोय बहुतेक."

"मग उघड. मी जरा चालून येतो. पाय फार ओढतायत. ती उठायच्या आत येतो."

मी छोटीच्या खोलीकडे बघितलं.

"ओरडत नाही मी. ओरडलो तर ती उठेल. मला नाही ओरडायचं, ठमे."

चांगलं बोललो तर मुळीच नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. मला ते आठवत होतं. विसरले होते असं मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मला आठवत होतं, आणि मला हेही कळत होतं की त्याने एक आरोळी ठोकली तर छोटी उठेल, आणि ती आता उठली तर मी सहन करू शकणार नाही. अजून एकोणीस तास होते. मी तेही मोजले. मला तो दाराच्या आत नको होता. कुठेही चालेल, पण माझ्या लेकीच्या आणि त्याच्यामधे एक लाकडी फळी, असं नको.

मी कडी काढली.

तो बाहेर आला तो वाळका, पिवळा, घामाने थबथबलेला. माझ्याकडे न बघता दाराशी जाऊन बसला आणि बुटांत पाय घातले. बूट नवे होते, मीच शुक्रवारी आणले होते. आत नाड्या ठेवू देत नाहीत, म्हणून नाड्यांचे बूट हवेत असं तो म्हणाला होता. आता त्याला त्या बांधता येईनात. एकदा केलं, दोनदा केलं, नाडी हातातून निसटे.

"राहू दे, अशीच जातो."

"पडशील," मी म्हणाले. मी खाली बसले आणि त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. दुहेरी गाठ मारली, शाळेत जाताना तो मला मारून द्यायचा तशी.

"घट्ट बांधलीस," तो म्हणाला. छोटीच्या खोलीकडे एकदा बघितलं. आत गेला नाही. "ती उठायच्या आत येतो."

दार लावून घेतल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, ते मी लिहिते आहे म्हणून लिहिते: हलकं वाटलं. मी मधली खोली पुसून घेतली. खिडक्या उघडल्या. चहा केला आणि तो गरम असताना प्यायले. सव्वादोन वर्षांत असं क्वचितच झालं होतं.

छोटी साडेचारला उठली. "मामा?" तिने विचारलं.

"येतोय," मी म्हणाले.

तो बसस्थानकाच्या मागच्या स्वच्छतागृहात सापडला. तिथे झाडणाऱ्या बाईंनी आधी दार वाजवलं, मग वाकून पाहिलं. दाराखालून नवे बूट दिसले, आणि नाड्या नीट बांधलेल्या, म्हणून आधी वाटलं कुणी चांगला माणूस आहे, पोट बिघडलं असेल, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. त्या चांगल्या माणसाला त्यांनी आणखी थोडा वेळ दिला.

सोमवारी सकाळी आम्ही इस्पितळाच्या मागच्या बाजूला, ज्या दाराला पाटी नसते, तिथे कागदांसाठी थांबलो होतो. तरुण डॉक्टर होती, माझ्याच वयाची. म्हणाली, "फार नव्हतं घेतलेलं. पूर्वी घेत असतील तेवढंच असावं."

"तेवढंच असणार," मी म्हणाले. "त्याचा हात चुकायचा नाही."

तिला ते कळलं नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सहीची जागा दाखवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. नऊ पस्तीस झाले होते.

"ताई, केंद्रातून बोलतोय," खिडकीतला माणूस. आवाज उत्साहाने भरलेला. "तुमचं पत्र आलं बरं का! सिस्टरबाईंनी आठ वाजल्यापासून तीन फोन केले. डॉक्टरपण आलेत. पेशंटला घेऊन या लगेच. फक्त दहा मिनिटं बसायला लागेल, तेवढी सवड काढून या."

नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला.

आठवडा झाला. कडी अजून दारावर आहे. नवरा दोनदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा काहीतरी दुसरं काम निघालं. त्याने मला विचारलं नाही. त्या रविवारी घरी येऊन त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि छोटीला माझ्याकडून घेतलं. तो कधीच विचारणार नाही, हे मला माहीत आहे. काल सिस्टरने निरोप पाठवला, पुडी परत कपाटात जमा केली म्हणून. सांगायला हवं असं तिला वाटलं असावं.

आज छोटीला परत सर्दी. मी गुलाबी औषधाची बाटली काढली, चमचा पुसला आणि नेहमीच्या झटापटीसाठी पदर खोचून वळले, तर ती आधीच खुर्चीवर चढून बसली होती. हात मांडीखाली. तोंड उघडं.

मी औषध घातलं. तिने तोंड बंद केलं. आकडे कुणी म्हटले नाहीत, तरी ती थांबली, बराच वेळ. मग परत आ केला. जीभ वर. उजवीकडे. डावीकडे. तोंडात काही नव्हतं. छोटेसे दात आणि गुलाबी टाळू.

"झालं, उतर आता," मी म्हणाले.

ती उतरली नाही. तशीच बसून राहिली, तोंड उघडं ठेवून, दाराकडे बघत.